पाहा, शिवू नका!

आष्टीत कॉम्प्युटर शिकायचा म्हणजे सरांच्या तावडीत सापडणं आलं. तोंडी सांगण्यावर सरांचा काडीचा विश्वास नाही. डोळ्यांना दिसलं की डोक्यात बसतं, हे त्यांचं ब्रीद. साधा पत्ता विचारा, ते खडूनं रस्त्यावरच नकाशा काढायला बसतात आणि तेवढ्यात तुमची आर्वीची एसटी निघून जाते.

सॉर्टिंग, म्हणजे लहानमोठ्या क्रमानं लावणं, शिकवायला सर आंबिया बहाराची आठ संत्री आणतात. ती ओळीनं मांडायची. शेजारची दोन पाहायची, डावीकडचं मोठं निघालं तर जागा बदलायची. एक फेरी झाली की सगळ्यांत मोठं संत्रं टोकाला पोचतं. मग पुन्हा पहिल्यापासून. हा बबल सॉर्ट. आठ संत्र्यांना फार तर २८ तुलना लागतात. सरांना दीड तास लागतो, कारण दर तुलनेला फळ्यावर नवं चित्र, नवा खडू. मधेच एखादं संत्रं कुणाच्या पोटात गेलं, तर त्या जागी पोरगं उभं राहतं. "हालू नको बे, तू सध्या सातवा आहेस!"

एकदा एक पोरगी म्हणाली, "सर, आमच्या बगीच्यात बाया मोठी फळं एका कॅरेटात टाकतात, बारकी दुसऱ्यात. झालं!"

"ते बकेट सॉर्ट. पुढच्या महिन्यात!"

दाखवून शिकवणाऱ्यांचं सरांचं घराणं तसं मोठं. टोरंटो विद्यापीठात रोनाल्ड बेकर यांनी १९८१ साली नऊ सॉर्टिंग पद्धतींची अर्ध्या तासाची फिल्म काढली आणि शेवटी नऊही पद्धतींची शर्यत लावली. पुढे मार्क ब्राउन आणि रॉबर्ट सेजविक यांच्या 'बाल्सा'नं अल्गोरिदम कॉम्प्युटरच्या पडद्यावरच चालताना दाखवले. मात्र २००२ साली हंडहाउसेन, डग्लस आणि स्टॅस्को यांनी असं दाखवून शिकवण्याचे २४ प्रयोग तपासले, तेव्हा दिसलं ते असं: पडद्यावर काय दिसतं यापेक्षा शिकणारा त्याच्याशी काय करतो, यावर शिकणं जास्त अवलंबून असतं.

सरांना हा निष्कर्ष तोंडपाठ आहे. त्यावर ते तासभर स्लाइड दाखवतात. तेवढ्यात कुणी टेबलाकडे हात नेला की ओरडतात, "शिवू नको! फक्त पाहा!"

सर, राग मानू नका. एवढं पाहून पोरांना बबल सॉर्ट नाही, तुम्हीच तेवढे समजलात. पुढच्या तासाला संत्री त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही मागच्या बाकावर बसा. हात मात्र खिशात ठेवा.