अगं बाई, खुराड्याला पडदे!

माझं नाव कुठं घेऊ नका, पण आमच्या परभणी जिल्ह्यातल्या येलदरीत सध्या जे चाललंय ते सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहायचं नाही. तिथल्या खुराड्यांना पडदे लागलेत. नुसतं फाटकं पोतं अडकवलेलं नव्हे हो, चांगला बारदाना शिवून, वरून दोरी ओवून, दिवसा गुंडाळता येईल असा ऐवज. ज्या घराच्या न्हाणीला अजून दार नाही, त्या घराच्या खुराड्याला! तिथली सून मला म्हणाली, "माय, न्हाणीला पडदा मागू मागू दोन दिवाळ्या गेल्या." आणि मामंजींचं उत्तर काय? "न्हाणीत कोण अंडी देतंय?"

आता परभणीची थंडी खोटी आहे असं मी म्हणत नाही. कृषी विद्यापीठातला पारा दहाच्या खाली उतरला की दुसऱ्या दिवशी पेपरात महाबळेश्वराला मागं टाकल्याची बातमी येते, आणि एखाद्या पौषात तो पाच-सहापर्यंतही घसरतो. पण ही थंडी काय काल एसटीनं आली? आमच्या आजीच्या कोंबड्या डालग्याखाली नाही तर बाभळीवर झोपायच्या आणि सकाळी अंग झटकून उकिरड्यावर हजर व्हायच्या. कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१-४२ अंश. एवढा ताप आपल्याला आला तर घरचे सलाईन लावायला जिंतूरला नेतील. वरून पिसं फुलवून, एक पाय पोटाशी घेऊन बसली की तिची सोय झाली. हे तिला ठाऊक आहे. मालकाला ठाऊक नाही, कारण तो मोबाइलवर व्हिडिओ बघून कोंबडी पाळतो.

खाण्यापिण्याचं तर विचारूच नका. एका घरी सकाळी कोमट पाणी, त्यात गुळाचा खडा, आणि वरून ओव्याचा वास. मी विचारलं, "कुणाला बरं नाही?" तर म्हणे, तलंगांना सर्दी होऊ नये म्हणून. त्याच घरात मला मिळाला कोरा चहा. हुरड्याचे दिवस होते. परभणीहून आलेल्या पाहुण्यांना हुरडा मोजून, आणि परसात ओंजळी ओंजळीनं उधळण चाललेली! त्यातल्या त्यात एक जाणती म्हातारी मात्र काही न बोलता अंधार पडायच्या आधी अख्खी मका आणि ज्वारी टाकत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "रातभर पोटात काम पायजे." आणि तिचं शास्त्र एकदम बरोबर. अख्खं धान्य हळूहळू पचतं, पचताना अंगात ऊब राहते. मोठ्या कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य लागतं, आणि थंडीत परसातले किडे-मुंग्या, कोवळं गवत कमी होतं म्हणून हाताचं थोडं जास्त टाकावं लागतं. बास. ओव्याचा यात कुठं संबंध आला?

पण खरी खमंग भानगड आहे ती बल्बाची. मार्गशीर्षात अंडी आटली की घराघरांत संशय सुरू होतो. शेजारणीनं नजर लावली, मुंगसानं अंडी पळवली, पोरानं विकून क्रिकेटचा बॉल घेतला. एका गल्लीत यावरून दोन जावांचं बोलणं बंद आहे. अहो, थंडीचा दोष नाही आणि जावेचाही नाही. दिवस लहान झाला, एवढंच. अंडं घालायला कोंबडीला चौदा-पंधरा तास उजेड हवा असतो, आपल्याकडे डिसेंबरात दिवस उरतो जेमतेम अकरा तासांचा. त्यात गावठी कोंबडी वर्षाला मोठ्या मुश्किलीनं साठ-सत्तर अंडी देणार. तिनं दोन महिने सुट्टी घेतली तर लगेच चौकशी समिती कशाला?

तर आता तोड म्हणून खुराड्यात संध्याकाळचा बल्ब आला. गंमत बघा, गाव कुठलं? येलदरी. पूर्णेवर धरण, धरणाला १९६८ पासूनचं वीजघर, क्षमता साडेबावीस मेगावॅट. आणि खुराड्यातला नऊ वॅटचा बल्ब निम्म्या वेळा बंद! शेतीची लाईट ज्या आठवड्यात रात्रीची असते, त्या आठवड्यात घरधनी रात्री एक वाजता कानटोपी घालून गव्हाला पाणी द्यायला निघतो, बांधावर काटक्या पेटवून हात शेकतो, आणि तिथून बायकोला फोन करतो. विचारतो काय? "पडदा नीट खाली सोडलाव का?" बायको म्हणाली, "मला काही पांघरायला हाय का ते नाही इचारलं."

पिल्लांच्या बाबतीत मात्र मी तोंड आवरते. एका दिवसाचं पिल्लू खरंच थंडीनं मरतं, त्याला अजून पिसंच नसतात. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर कुणाकडे असतो? पिल्लंच सांगतात. बल्बाखाली एकमेकांवर चढून बसली तर गारठलीत, कडेला पंख पसरून धापा टाकत असली तर बल्ब वर घ्या. खुडूक कोंबडी घरात असेल तर हाही खटाटोप नको, ती पंखाखाली घेते. पण आमच्या लोकांना खुडूक कोंबडी जुनाट वाटते आणि खोक्यातला बल्ब वाटतो धंदा. एक तरुण बाप पिल्लांसाठी रात्री दोनदा उठतो म्हणे. त्याचं स्वतःचं तान्हं रडायला लागलं की तो कूस बदलतो. हे मला त्याच्या सासूनं सांगितलं, आणि सासू खोटं कशाला बोलेल?

या कौतुकात एक खरा गुन्हा मात्र घडतोय आणि त्याच्यावर कुणी कुजबुजत नाही. पडदा खाली, फटी चिंध्यांनी बुजवलेल्या, आत दाटीवाटीनं कोंबड्या, खाली ओलं भुसकट. सकाळी दार उघडलं की डोळ्यांत पाणी येतं. तो विष्ठेतला अमोनिया. त्यानंच घसा आणि फुप्फुसं बिघडतात, मग कोंबडी घरघरते, मग मालक म्हणतो थंडी बाधली आणि अजून एक पोतं लावतो! वाऱ्याचा झोत अंगावर नको, पण वर छताजवळ हवा खेळायला जागा हवीच. भुसकट कोरडं हवं. आणि शेगडी आत ठेवणाऱ्यांनी धुरात आधी स्वतः बसून बघावं. पडद्याला शिलाई देणारे हेच लोक मानमोडीची लस म्हटलं की हात आखडतात. पहिल्या आठवड्यातले डोळ्यातले थेंब आणि आठव्या आठवड्यातली टोचणी चुकवली, तर ओव्याच्या काढ्यानं काय होणार?

बर्ड फ्लूचं नाव काढलं की मात्र सगळे एकदम गप्प. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात मुरुंब्याला आठशेच्या आसपास कोंबड्या पटापट मेल्या, भोपाळच्या प्रयोगशाळेनं बर्ड फ्लूच असल्याचं सांगितलं, आणि आसपासच्या एक किलोमीटरमधले पक्षी मारावे लागले. हा रोग पाणपक्ष्यांबरोबर हिवाळ्यात जास्त फिरतो. तरी धरणाच्या काठावर कोंबड्या फिरायला सोडणारे आहेत. म्हणे, मोकळी हवा! पडद्यातली लाडकी दिवसा बदकांच्या पंगतीला.

येलदरीलाच नावं ठेवून काय उपयोग? हे वेड लागलं की राणीलाही सुटत नाही. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीनं चीनकडच्या थोराड कोंबड्या पाळल्या आणि सगळा देश कोंबड्यांमागं लागला. अमेरिकेत १८४९ मध्ये बोस्टनला कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं, एकेका जोडीला वाट्टेल तो भाव आला. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या गृहस्थानं त्यात हात धुऊन घेतले आणि १८५५ मध्ये या कोंबडीज्वरावर स्वतःच थट्टेचं पुस्तक लिहिलं. म्हणजे विकून कमावलं आणि हसूनही कमावलं! आपल्याकडे धोनीनं झाबुआहून दोन हजार कडकनाथ पिल्लं मागवली तेव्हा गावोगावच्या पोरांच्या डोळ्यांत काळा पिसारा चमकला. त्याआधी २०१९ मध्ये इस्लामपूरचा कडकनाथ घोटाळा निघून शेतकऱ्यांचे पैसे बुडाले होते, ते कुणाला आठवत नाही. त्यामानानं पडदे शिवणारे मामंजी स्वस्तात सुटले म्हणायचे.

आता शेवटचं, आणि हे मात्र कुठं बोलू नका. त्याच मामंजींच्या घरी मागच्या आठवड्यात सेलूचा जावई आला. पहिल्यांदाच थंडीचा मुक्कामाला आलेला. दारात तुरेवाला कोंबडा फिरत होता, जावयानं त्याच्याकडे बघून मनातल्या मनात मसाला वाटला. ताटात काय आलं? पिठलं. भाकरी. ठेचा. जावई ताटाकडे बघतोय, सासू पदर तोंडाला लावून उभी, आणि मामंजी शांतपणे सांगतायत, "पाव्हणं, राग मानू नका. त्यो आत्ताच सर्दीतून उठलाय."

भावकीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. सगळ्यांना वाटलं, जावई आता लेकीला न्यायचा नाही. तो दोन दिवस राहिला, रोज संध्याकाळी खुराड्यापाशी बसला, पडद्याची दोरी वर-खाली करून बघितली. निघताना सासऱ्याकडे मागून काय मागावं? गाडी नाही, अंगठी नाही. उबवायला बारा अंडी आणि एक खुडूक कोंबडी.