मॅडमचे मिस्टर कार्ताहेनात

बारामतीत मला स्वतःचं नाव आहे, पण ते सातबाऱ्यावर. बाकी गावाला मी 'सोनोग्राफीवाल्या मॅडमचे मिस्टर' म्हणून माहीत. बायको रेडिऑलॉजिस्ट, मी बी.एस्सी. अ‍ॅग्री. इंदापूर तालुक्यात सणसरच्या शिवारात आमचा ऊस आहे. कालव्याचं आवर्तन आलं की त्याला माझी आठवण येते, एरवी येत नाही. म्हणून मी सेंटरच्या काउंटरवर बसतो. आत ती पडद्याकडे बघते, बाहेर मी फॉर्म एफ भरतो.

फॉर्म एफ ज्यांना माहीत नाही त्यांनी स्वतःला सुखी समजावं. १९९४च्या पीसीपीएनडीटी कायद्याप्रमाणे गर्भवतीची सोनोग्राफी करायची तर हा फॉर्म लागतो. नाव, वय, पत्ता, नवऱ्याचं नाव, आधीची मुलं किती, त्यांत मुलगे किती, मुली किती, कुणी पाठवलं, कशासाठी पाठवलं. आणि शेवटी डॉक्टरचं प्रतिज्ञापत्र, की मी गर्भाचं लिंग कुणालाही, कोणत्याही प्रकारे सांगितलेलं नाही. रकाना रिकामा राहिला तर ती नुसती कारकुनी चूक समजायची नाही, हे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही सांगून टाकलं. कायद्याला कारण आहे. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागं २००१च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या, त्या २०११ला ८९४ उरल्या. त्यामुळे आमच्या धंद्याची रीतच अशी, की मशीन दाखवेल ते सगळं बघायचं आणि त्यातलं एक मरेपर्यंत बोलायचं नाही.

अशा बाईला परदेशातून बोलावणं आलं. पुण्यातल्या काही इंजिनिअर मुलांना थायरॉइडच्या गाठी ओळखणारा प्रोग्राम लिहायचा होता. कॉम्प्युटरला गाठ कळायची तर आधी कुणीतरी ती दाखवावी लागते. ते काम हिनं केलं. नावं काढून टाकलेल्या फिल्म्सवर रात्री जेवणं उरकल्यावर गाठींभोवती रेघा ओढत बसायची. त्या रेघांचं पोस्टर झालं आणि ते आयएसबीआय या बायोमेडिकल इमेजिंगच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत लागलं. तारखा १८ ते २१ एप्रिल २०२३, गाव कार्ताहेना, देश कोलंबिया.

भिगवण चौकात ही बातमी चहाच्या आधी पोचली.

"कोलंबिया म्हणजे बाबासाहेब शिकले ते?" तात्यांनी विचारलं.

"ते न्यूयॉर्कला, तात्या. हा देश आहे. दक्षिण अमेरिकेत."

"मग मिस्टर, तुम्ही तिकडं काय करणार?"

परिषदेच्या कागदावर याचं उत्तर छापलेलं होतं. मी 'सोबतची व्यक्ती' होतो.

सोबतच्या व्यक्तीनं आपली कामं चोख केली. सोनोग्राफी मशीनच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. कोलंबियात शिरण्याआधी 'चेक-मिग' नावाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, तो मी असा भरला की तिथल्या अधिकाऱ्यानं खुर्चीतून उठून नमस्कार करावा. जिथं काही लिहायचं नव्हतं तिथं 'लागू नाही'. भेट म्हणून दौंडकडच्या गुऱ्हाळातला गूळ घेतला, दोन-दोन पिशव्यांत बांधून. परदेशी माणसाला आपल्या भागाची काहीतरी नवलाई दाखवावी, एवढाच हेतू.

मुंबईहून युरोप, युरोपातून बोगोटा. कोलंबियाची ही राजधानी २,६४० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या डोक्यावर आणखी जवळजवळ हजार मीटर. तिथं विमान बदलताना मला धाप लागली. "वजन कमी करा," बायको म्हणाली. बोगोटाहून उतरत उतरत कॅरिबियन समुद्राकाठी कार्ताहेना. दार उघडलं आणि दमट हवेनं चष्म्यावर धुकं धरलं.

गाव १५३३चं. स्पॅनिश लोकांनी वसवलं आणि दक्षिण अमेरिकेचं सोनं-चांदी इथून जहाजांत भरून नेलं. सोनं आलं की चोर येतात. १५८६ साली इंग्रजांचा फ्रान्सिस ड्रेक आला, गाव ताब्यात घेतलं आणि खंडणी वसूल करून गेला. मग स्पॅनिशांनी गावाभोवती अकरा किलोमीटरचा तट उभा केला. तो बराचसा अजून शाबूत आहे, आत रंगीत घरं आहेत, सज्ज्यांवरून बोगनवेल लोंबते आणि १९८४पासून युनेस्कोच्या यादीत नावही आहे. मालोजीराजांच्या इंदापूरच्या गढीची आठवण येऊन मी जरा गप्प झालो. बायकोला वाटलं, पोट बिघडलं.

हॉटेलात पहिल्याच सकाळी कपातून लिंबू पिळलेलं सोनेरी पाणी आलं. एक घोट घेतला आणि मान वर केली. गुळाचं पाणी! पोऱ्यानं आत नेऊन ढेप दाखवली. 'पानेला' म्हणतात. उसाचा रस आटवून, साच्यात ओतून, अगदी आपल्यासारखी. जगात गूळ करण्यात भारत पहिला आणि कोलंबिया दुसरा, ही माहिती त्यानंच मला दिली. माझ्या पिशव्या खोलीत होत्या. शिवाय त्यांच्या काउका खोऱ्यात ऊस बारा महिने तुटतो. गाळपाचा हंगाम नाही, टोळीची वाट बघणं नाही, तोडीच्या तारखेसाठी कारखान्यात खेटे नाहीत. आपल्याकडच्या शेतकऱ्याला स्वर्गाचं वर्णन ऐकवायचं तर ते इतकंच पुरे. दौंडचा गूळ मी त्या पोऱ्यालाच दिला. त्यानं चाखला, मान डोलावली आणि 'बरा आहे' अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला. नंबर दोननं नंबर एकला दिलेलं ते प्रशस्तिपत्र मी मुकाट स्वीकारलं.

परिषदेत निम्मी मुलं हाफ पँटमध्ये. बोलणं सगळं गणितात. जिथं बघावं तिथं 'यू-नेट'. जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या लोकांनी २०१५ साली काढलेली कॉम्प्युटरची ही रचना कागदावर इंग्रजी यू अक्षरासारखी दिसते, आणि पोस्टरवर तो यू नसेल तर लेखकाला जातीबाहेर टाकत असावेत. त्यातच दोन आठवड्यांपूर्वी मेटा कंपनीनं कोणत्याही चित्रातली कोणतीही वस्तू वेगळी काढणारा प्रोग्राम जाहीर केलेला. आता आपल्या पीएचडीचं काय, ही कुजबुज प्रत्येक कॉफीच्या टेबलावर होती.

मला वाटलं होतं, यातलं आपल्याला काही कळायचं नाही. पण बायकोच्या पोस्टरपुढं उभं राहिल्यावर उलगडलं की ही सगळी बांधाची भांडणं आहेत. गाठ कुठं संपते आणि चांगलं मांस कुठं सुरू होतं, तिथं हद्द कायम करायची. एक रेघ डॉक्टरची, एक मशीनची. दोन्हींच्या आतलं क्षेत्र किती जुळतं त्याला 'डाइस' म्हणतात. ली डाइस नावाच्या जीवशास्त्रज्ञानं १९४५ साली, दोन प्रजाती एकाच जागी किती वेळा सापडतात हे मोजायला, हे सूत्र मांडलं होतं. एक आला तर मोजणी तंतोतंत, शून्य आला तर कोर्टात जा. इंदापूर तालुक्यातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. एका कोरियन मुलाला मी विचारलं, "दोन डॉक्टरांच्या रेघाच एकमेकींशी जुळल्या नाहीत तर?" तो माझा बिल्ला वाचायला वाकला. 'सोबतची व्यक्ती' वाचून सरळ झाला आणि म्हणाला, "प्रश्न फार खोल आहे." त्यानंतर मी सभागृहात पुढच्या रांगेत बसू लागलो.

चहाच्या सुट्टीत एका मुलीनं खिशातून दाढीच्या मशीनएवढा सोनोग्राफीचा प्रोब काढला आणि मोबाइलला जोडला. बायको दोन पावलं मागं सरकली. आमच्याकडे मशीनची नोंदणी पत्त्यासकट लागते. असा नोंदणी नसलेला प्रोब खिशात घेऊन हिंडणं म्हणजे थेट गुन्हा. "कुणाचीही करते ही?" तिनं हळूच विचारलं. ती मुलगी हसून म्हणाली, "कुणाचीही! बसमध्ये, बाजारात." आम्ही दोघांनी नकळत आजूबाजूला बघितलं.

मग त्या मुलीला प्रात्यक्षिकासाठी पोट हवं होतं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. १८९५ साली राँटगेननं एक्स-रेखाली बायकोचा हात ठेवला, तेव्हापासून या शास्त्रानं जोडीदारांचं अंग फुकट वापरलं आहे. सव्वाशे वर्षांनी मी फक्त फिट्टंफाट केली. शर्ट वर केला, जेल लागलं, आणि आठ-दहा देशांच्या साक्षीनं माझं लिव्हर मोबाइलवर उजळलं. जरा जास्तच उजळलं.

"फॅटी लिव्हर," बायको खणखणीत आवाजात म्हणाली. "ग्रेड वन."

लोकांनी फोटो काढले.

संध्याकाळी आम्ही सान फेलिपे किल्ल्यावर गेलो. पायथ्याशी ब्लास दे लेसो या सेनापतीचा पुतळा आहे. एक पाय आणि एक डोळा आधीच्या लढायांत गेलेले, एक हात निकामी झालेला. १७४१ साली इंग्रज अ‍ॅडमिरल व्हर्नन १८०हून जास्त जहाजं घेऊन इथं आला. सुरुवातीला सरशी झाली तशी त्यानं विजयाची बातमी पाठवली आणि इंग्लंडात पदकं पाडली गेली. लेसो गुडघे टेकून शरण येतोय, असं त्यांवर चित्र, आणि गुडघे टेकायला कारागिरांनी त्याला दोन्ही पाय दिलेले. प्रत्यक्षात तापानं आणि लेसोनं मिळून इंग्रजांना पळवून लावलं. पदकं तेवढी राहिली.

"निकालाआधी फ्लेक्स," मी म्हणालो. आमच्याकडे हा रोग मतमोजणीच्या आदल्या रात्री दिसतो.

"स्कॅनच्या आधी रिपोर्ट," ती म्हणाली. तिच्या दृष्टीनं हा मोठा गुन्हा होता.

रात्री जेवायला 'मोहार्रा' मागवली. नारळाचा भात, कच्च्या केळ्याच्या चपट्या तळलेल्या चकत्या आणि अख्खा तळलेला मासा. पहिल्या घासालाच ओळख पटली. तिकडं या नावाखाली बहुतेक वेळा तिलापियाच ताटात येतो, म्हणजे उजनीची आपली चिलापी. भिगवणला जी थाळी गाडीतून न उतरता मागवता येते, तिच्यासाठी मी तीन विमानं पकडली होती. मात्र भिगवणच्या रश्श्याला तोड नाही, हे निःपक्षपातीपणे नोंदवतो.

परतीच्या टॅक्सीत खरी परीक्षा झाली. बायको कसली डॉक्टर आहे हे कळताच ड्रायव्हरनं सिग्नलला मोबाइल मागं दिला. पडद्यावर बाळाची सोनोग्राफी. भाषांतराच्या ॲपमधून आवाज आला, "मुलगी आहे म्हणाले. तुम्हीही बघून सांगा."

माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला. बायकोनं फोटो बघितला. "वाढ चांगली आहे. पाणी पुरेसं आहे. बाळ छान आहे."

"हो. पण मुलगी ना?"

"बाळ छान आहे."

ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे दयेनं बघितलं. बायको शिकाऊ आहे, असं त्याला वाटलं असावं. मला ते सहन झालं नाही. मी ॲपमध्ये लिहिलं, की आमच्या देशात हे सांगितलं तर डॉक्टरला तुरुंग आहे. त्यानं विचारलं, का? मी लिहिलं, की मुलगी आहे असं कळल्यावर काही लोक तिला जन्मूच देत नाहीत. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या, तरी तो वाचतच होता. मग गाडी काढत म्हणाला, "आम्ही नावसुद्धा ठरवलंय. लुसिया."

बायको थोडा वेळ बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "नाव छान आहे."

मी मनातल्या मनात प्रतिज्ञापत्र पुन्हा वाचलं. नावाची स्तुती कुठल्याच कलमात बसत नव्हती.

बारामतीला आलो, किल्ली सोडली, मशीनची खोली उघडली आणि भिगवण चौकात चहाला गेलो. तात्यांनी ऑर्डर दिली, "सगळ्यांना स्पेशल, आन् मिस्टरांना बिनसाखरेचा." मी विचारलं, हे कुणी सांगितलं? मॅडमनी, सकाळीच. पोटातल्या बाळाची गोष्ट पोटात ठेवायला या बाईला कायदा लागत नाही, तो नसता तरी तिनं ठेवली असती. पण नवऱ्याच्या पोटातल्या गोष्टीला ना कायदा, ना फॉर्म, ना प्रतिज्ञापत्र. ऊस घालायला दोन तालुक्यांतले कारखाने चालतात, आणि बिनसाखरेच्या चहाच्या पहिल्या घोटाला मी अजून तोंड वाकडं करतो.