आधी श्वास मोजा

सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते ऐन थंडीत. त्याच दिवसांत सोलापुरात मेडिकलच्या काउंटरवर मागणी ऐकू येते : "लेकराला खोकला झालाय, मागच्या वेळची ती पावडरची बाटली द्या." चिठ्ठी कोणी मागत नाही.

त्या आईला दोष द्यायला मी तयार नाही. हजार बिड्यांमागे मजुरी मिळते तिला. दवाखान्याच्या रांगेत दिवस गेला की मजुरी बुडाली. दोष बाटली सरकवणाऱ्याचा आहे.

बाटलीत असतं सेफिक्झिम, नाहीतर अ‍ॅझिथ्रोमायसिन. दोन्ही जिवाणूंवरची औषधं. लहान मुलांचं सर्दी-पडसं मात्र विषाणूंचं, तिथे ती काडीइतकी चालत नाहीत. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, तो आपसूक उतरणारच होता. नाव होतं बाटलीचं. खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. तेवढा धीर कुणाला? डॉक्टर बदलतो, औषध आणखी जहाल होतं. लेकराला जुलाब लागतात आणि औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे मागे उरतात. उद्या खरा न्यूमोनिया झाला, तर गाठ त्यांच्याशी.

न्यूमोनियात अँटिबायोटिक हवंच, तेही वेळेवर. पण तो ओळखायचा कसा? लेकरू शांत असताना अंगावरचा कपडा वर करायचा आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५०, पाच वर्षांच्या आतल्याचे ४० भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडला, दूध तुटलं, तर तडक सिव्हिल गाठा. जागतिक आरोग्य संघटनेचे हे आकडे आहेत. घरी उपचार करण्याजोग्या न्यूमोनियावर तिने सांगितलेलं पहिलं औषधही साधंच, अमॉक्सिसिलिन.

हे मिनिट डॉक्टरांनी तरी द्यावं. छाती उघडी न करता, श्वास न मोजता "सेफ साइड" म्हणून अँटिबायोटिक लिहिणं ही हयगय आहे, मग पाटीवर पदव्या कितीही असोत. आणि जो नीट तपासून "औषधाची गरज नाही, अंगावर पाजत राहा" म्हणतो, त्याला फी देताना कुरकुरू नका. त्याने काम केलंय.

कायदा झोपलेला नाही, झोपवलेला आहे. १ मार्च २०१४ पासून सेफिक्झिम शेड्यूल एच-वनमध्ये आहे. विक्रीची वेगळी वही, तीत डॉक्टरचं नि रुग्णाचं नाव, आणि ती वही तीन वर्षं जपायची. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने डॉक्टरांना अँटिबायोटिक कशासाठी दिलं ते चिठ्ठीवर लिहायला सांगितलं. त्याच महिन्यात केरळने चिठ्ठीविना विक्री पकडायला मोहीम काढली. आपल्या अन्न व औषध प्रशासनाने या थंडीत एवढंच करावं : दुकानाची खरेदीची बिलं आणि ती वही शेजारी-शेजारी उघडावी. जितक्या बाटल्या आल्या, त्यातल्या किती नावानिशी गेल्या, ते जाहीर करावं.