सबसिडी किती सुटते हो?

कळलं का? आमच्या आळीतल्या काकू उद्योजिका झाल्या! कसला उद्योग ते विचारू नका, ते त्यांनाही अजून ठरवायचंय. पण सबसिडी ठरली आहे. 35 टक्के!

हल्ली ही साथच आली आहे. पूर्वी धंदा काढणारा माणूस आधी माल बघायचा, मग गिऱ्हाईक, आणि भांडवल कमी पडलं की सासऱ्यापुढे तोंड वेंगाडायचा. आता आधी सबसिडी, मग योजना, आणि शेवटी त्या योजनेत बसेल असा धंदा. म्हणजे मांडव घालून, पंगतीचा हिशेब करून, मग मुलगी बघायला निघायचं. बरं, कुणाला काही वाटतही नाही!

या 35 टक्क्यांनी काय काय घडवलंय म्हणता? पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं पीएमईजीपी. त्यात शहरातल्या सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला प्रकल्पखर्चाच्या 15 टक्के अनुदान, ग्रामीण भागात 25. अर्जदार बाई असली की ती विशेष गटात, तिला शहरात 25 आणि गावात 35. झालं! ज्या घरात बायकोला एटीएमचा पिन सांगत नाहीत, त्या घरात ती रातोरात प्रोप्रायटर झाली. वर्षानुवर्षं कुलूपबंद असलेल्या गावच्या घराला रंग लागला, दारावर 'महिला गृहउद्योग' अशी पाटी चढली. आत अजून कोळिष्टकं आहेत, पण पाटी झकास.

त्यात एक आडकाठी. नवरा-बायको मिळून एकालाच लाभ. मग घरात उरलं कोण? सासूबाई! वय 18च्या वर हवं, वरची मर्यादाच नाही. गुडघ्यांवर तेल चोळत बसलेल्या सासूबाई सोफ्यावरून थेट उत्पादनक्षेत्रात. त्यांचं शिक्षण मात्र सातवी, आणि उत्पादनाचा प्रकल्प 10 लाखांच्या वर गेला की आठवी पास लागते. म्हणून प्रकल्प कितीचा निघाला? 9 लाख 99 हजारांचा! आता यंत्रसामग्री सगळी त्या हजार रुपयांच्या फरकाला धरून बसवली आहे.

प्रोजेक्ट रिपोर्ट वाचलात की नाही? वाचाच. चौकातल्या एजंटाकडे एकच रिपोर्ट आहे, नाव बदलून तो सगळ्यांना मिळतो. एका अगरबत्तीच्या प्रकल्पात मधेच शेळ्यांचा विमा निघाला. तिसऱ्या वर्षी सगळ्यांचाच नफा दुप्पट. मशिनरीचं कोटेशन एजंटाच्याच भाच्याच्या दुकानातलं. आणि तोच एजंट उद्यम नोंदणीचेही पैसे घेतो, जी सरकारी पोर्टलवर फुकट होते. वर म्हणतो, "काकू, फाईल टाकली की पास समजा, वरपर्यंत ओळख आहे." वरपर्यंत म्हणजे जिल्हा उद्योग केंद्राच्या वरच्या मजल्यावरच्या कँटीनपर्यंत.

आणि बँकेत काय झालं ते तर ऐकाच! मॅनेजरने चक्क सिबिल बघितला. स्वहिस्सा मागितला, पाच टक्के का होईना, स्वतःच्या खिशातून. बाकीचं म्हणे कर्ज आहे, व्याजासकट फेडायचं. काकूंना भोवळच आली. त्यावर मॅनेजरने कहर केला. अनुदान हातात मिळतच नाही, म्हणाला. ते तुमच्या नावाने बँकेत 3 वर्षं ठेव म्हणून पडून राहतं, युनिट खरंच चालू आहे का ते कुणीतरी येऊन बघतं, आणि मगच ते कर्जात वळतं होतं. आणि काकूंनी त्या जेमतेम साडेतीन लाखांच्या पाटल्या मनातल्या मनात घडवून, मोडून, पुन्हा घडवल्यासुद्धा होत्या!

यांचं एक, तर मुद्रावाल्यांचं दुसरंच. 2015पासून ही योजना आहे, तारणाशिवाय कर्ज देते, पण आहे कर्जच. तरी पानाच्या ठेल्यावर अजून सांगतात, मुद्राचं फेडायचं नसतं. शहाण्यांनाही हे लागलंय बरं. काकूंच्या इंजिनीअर भाच्याने 2021 साली आलेल्या स्टार्टअप सीड फंडावर डोळा ठेवला. इनक्युबेटरमार्फत 20 लाखांपर्यंत अनुदान, तेही ठरलेले टप्पे गाठले की हप्त्याहप्त्याने. अट एकच जाचक, कंपनी नोंदवून 2 वर्षं उलटली की अर्ज बाद. भाच्याची दोन्ही वर्षं लोगोचा निळा रंग ठरवण्यात गेली.

पण खरं लफडं तर पुढेच आहे. पलीकडच्या गल्लीतल्या ताई! त्या आधीपासून काळा मसाला विकायच्या. कुणाला किती तिखट लागतं, दिवाळीआधी किती किलो जातो, सगळं वहीत. मग गेल्या कृषी कार्यालयात, सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत बसल्या. तिथेही 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख. जिल्हा संसाधन व्यक्तीने कागद करून दिले, त्याचं मानधन योजनेतूनच निघतं, एजंटाला दमडी नाही. कांडप मशीन खरंच आणलं. आणि आता काय करतात माहीत आहे? मसाला! रोज! हप्तेसुद्धा वेळेवर. सबसिडी कधी वळती होईल ते विचारलं, तर म्हणाल्या, "होईल तेव्हा होईल, आधी मिरची वाळवून घेऊ दे."

सबसिडी घेऊन खरोखर धंदा? आता बँकवाले सगळ्यांकडूनच तशी अपेक्षा धरायला लागले, तर आळीने जायचं कुठे?