न खाणाऱ्या माशासाठी नट्टापट्टा

ॲबरडीन, 14 मार्च

ती. अण्णा आणि ती. सौ. आईस,


इकडे सगळे ठीक. मोठीची परीक्षा संपली, धाकट्याचा पुढचा दात पडला, आणि आज चक्क दुपारी चारपर्यंत पाऊस नव्हता.

अण्णा, एप्रिलात तुम्ही इथे आलात की जावयांबरोबर नदीत मासे गरवायला उतरणार, त्या कपड्यांचा विषय निघाला तेव्हा परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "कपड्यांचं काय एवढं कौतुक? लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला की झालं." फोन ठेवल्यावर तुमचे जावई बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अण्णांना पत्र लिही. फोनवर ते आपलंच बोलतात." तेव्हा हे पत्र. आईला मोठ्यानं वाचून दाखवा, म्हणजे निदान एक साक्षीदार राहील.

आधी जावयांच्या नादाविषयी, कारण आईला अजून ते खरं वाटत नाही. जन्म सदाशिव पेठेतला, घरात अंड्याचा केकसुद्धा आणायची चोरी. आणि हा माणूस शनिवारी पहाटे उठून सॅमन गरवायला जातो. शनिवारीच, कारण स्कॉटलंडात रविवारी सॅमनला गळ टाकायला कायद्यानं बंदी आहे. पुढचं ऐका. अंडी घालायला समुद्रातून नदीत शिरलेला सॅमन खाणं सोडून देतो, महिनोन्‌महिने अंगातल्या चरबीवर काढतो. त्याच्यापुढे हे जी माशी नाचवतात ती माशी नसतेच, गरीला बांधलेली रंगीत पिसं असतात. तरी का कोण जाणे, एखादा तोंड मारतो. मारलंच, तर पाण्यातल्या पाण्यात गरी सोडवून त्याला निरोप द्यायचा. 1 एप्रिलच्या आधी तसा कायदा आहे आणि इथल्या डी नदीवर हंगामभर तोच नेम. म्हणजे उपाशी मासा, खोटी माशी आणि शाकाहारी मासेमार. आईनं हे ऐकून विचारलं होतं, "सोडूचो होतो तर धरलो कित्याक?" जावयांनी उत्तरादाखल नवीन रीळ दाखवलं होतं. मला सॅमनची आमटी खायची झाली तर मी सुपरमार्केटात जाते, आणि हे शेजारी बसून वरणभात जेवतात.

पण पोशाखाच्या बाबतीत मात्र त्यांचं सगळं पटतं. तुम्ही मिरगाच्या पावसात खाडीत कमरेएवढ्या पाण्यात पागर टाकलात, मान्य. ते पाणी कोमट हो! डी नदी केर्नगॉर्मच्या डोंगरात बाराशे मीटरच्या वर उगम पावते आणि एप्रिलात तिथलं बर्फ वितळून खाली येत असतं. काठावर पिवळी डॅफोडिल फुललेली दिसतील, ऊनही असेल, आणि पाणी आपल्या फ्रिजातल्या बाटलीइतकं गार. पाणी अंगातली ऊब हवेच्या वीसपंचवीस पट वेगानं ओढून घेतं. त्यात पाय बुडवून परत यायचं नसतं, दोनदोन तास उभं राहायचं असतं. लेंग्याचं सोडा, लेंग्यातल्या माणसाचं काय होईल?

तर कपडे. सुती एकही नको. तुमचे गंजिफ्रॉक, आईनं शिवलेली कोपरी, जीनची पँट, सगळं घरी ठेवून या. सूत पाणी पिऊन बसतं आणि वाळायचं नाव घेत नाही. ओला सुती कपडा अंगाला चिकटला की उबेऐवजी गारठाच देतो. पाऊस लागत नाही, आतला घाम पुरतो. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी उबदार राहते. आपले धनगर भर पावसात घोंगडीची खोळ घेऊन मेंढरांमागे फिरतात ते उगाच नाही. अंगालगत पातळ मेरिनो लोकरीचा सदरा, त्यावर फ्लीसचा जाडसर थर, त्यावर पाणी न शिरणारं जॅकेट. एकच भलामोठा कोट नको. काठावर चालताना घाम येतो, पाण्यात उभं राहिलं की हुडहुडी भरते. थर असले की एक काढता येतो, एक चढवता येतो. आई, तू विणायला घेतलेल्या स्वेटरची लोकर खरी लोकर आहे का, तेवढं दुकानदाराला विचार. नसली तरी आण, पण मग तो काठावर बसणाऱ्याला.

अण्णा, तुमचा तो जुना रबरी रेनकोटही नको. वास्तविक तो इथलाच म्हणायचा. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशनं 1823 मध्ये दोन कापडांमध्ये पातळ केलेलं रबर भरून पाणी न शिरणारं कापड काढलं. पहिले कोट उन्हात चिकट व्हायचे, थंडीत कडक व्हायचे आणि बारा महिने वास मारायचे. पण मुख्य खोड अशी, की जे कापड पाऊस आत येऊ देत नाही ते घामाची वाफही बाहेर जाऊ देत नाही. माणूस कोरड्या कोटात भिजून निघतो. ही अडचण सुटली ती 1969 मध्ये, बॉब गोअर यानं टेफ्लॉन ताणून पाहिलं तेव्हा. तेच टेफ्लॉन, नॉनस्टिक तव्यावरचं. ताणल्यावर त्याला इतकी बारीक भोकं पडतात की पाण्याचा थेंब आत शिरत नाही आणि वाफ मात्र निसटते. गोअर-टेक्स म्हणतात ते हेच. किंमत विचारू नका. जावयांनीही मला अजून सांगितलेली नाही.

आता मुख्य वस्त्र, वेडर्स. पायापासून छातीपर्यंत एकसंध विजार, खाली मोजे जोडलेले, वर खांद्याला पट्टे. निओप्रीनचे जाड आणि उबदार असतात, पण चालायला लागलं की आत भट्टी पेटते. दुसरे पातळ कापडाचे, ज्यांच्या आत आपण हवे तेवढे गरम कपडे घालायचे. तुमच्यासाठी हे पातळच पाहणार आहोत. पहिल्या वर्षी जावयांनी वेडर्सच्या आत जीन घातली होती. परत आले ते गुडघ्यात न वाकता. गाडी लावायच्या जागेत, भुरभुर पावसात, ते गाडीतल्या पायपुसण्यावर एका पायावर उभे, एक पाय मोठीच्या हातात, धाकटा मागून कमरेला मिठी मारून, आणि मी "ओढ, ओढ" म्हणतेय. शेजारी एक स्कॉटिश आजोबा टाय लावून, ट्वीडच्या कोटात सँडविच खात सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "छान दिवस आहे, नाही?"

वेडर्सवर कमरेला पट्टा लागतो, आणि तो शोभेचा नाही. घसरून पडलात तर पट्टा घट्ट असेल तरच पाणी छातीकडून पायात भरत नाही. भरलेले वेडर्स माणसाला खाली खेचतात असं लोक म्हणतात, ते खरं नाही. पाण्यात पाण्याला वजन नसतं. पण काठाशी आल्यावर ते ओझं घेऊन वर चढता येत नाही, आणि गारठलेल्या माणसात तेवढं बळ उरलेलं नसतं. पडलातच तर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेनं पुढे ठेवायचे आणि वाहत वाहत काठ गाठायचा. अण्णा, तुम्हाला पोहता येतं हे इथे सांगू नका. गार पाण्यात पहिल्या झटक्याला माणूस पोहत नाही, धापा टाकतो. म्हणून छोटं लाइफ जॅकेट आणि हातात काठी. काठीवरून वाद घालू नका. म्हातारपणाची नाही ती, इथे पंचविशीतले पोरगेही ती टेकत टेकत पुढचा दगड चाचपतात.

आणि बूट. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार, कारण तुम्ही सगळ्यात जास्त यावरच भांडणार. गमबूट काठावर ठीक. पाणी त्यांच्या वर गेलं की दोन्ही पायांत एकेक बादली. नदीत वेडर्सवरून घालायचे वेगळे बूट असतात, घोट्याला घट्ट धरणारे. त्यांच्या तळव्यावरून इथल्या मंडळींत दोन पंथ आहेत. एक नमद्याच्या तळव्याचा. शेवाळलेल्या दगडावर नमदा फार छान पकड घेतो. पण तो पाणी धरून ठेवतो आणि त्या ओलीतून एका नदीतलं शेवाळ, रोगजंतू दुसऱ्या नदीत जातात. याच भीतीनं न्यूझीलंडनं 2008 मध्ये नमद्यावर बंदी घातली. शिवाय बर्फावरून चाललं की नमद्याखाली बर्फाचे गोळे जमतात आणि माणूस हळूहळू उंच होत जातो. दुसरा पंथ रबरी तळव्याचा, त्यात धातूचे बारीक खिळे. दगडावर खडखड वाजतात, पण धरतात. आम्ही रबराचे. तेसुद्धा घरी आणून चिखल काढायचा, धुवायचे आणि पूर्ण वाळवायचे, मगच दुसऱ्या नदीवर. आमच्या न्हाणीघरात शनिवारी रात्री बूट अंघोळ करतात आणि मुलं रांगेत थांबतात.

थंडी वाजते म्हणून मोज्यांवर मोजे चढवायचे नाहीत. बूट आवळला की रक्त पायात नीट फिरत नाही, आणि रक्त नाही फिरलं तर जगातली सगळी लोकर घाला, बोटं बधिरच. एक पातळ मोजा, एक जाड लोकरीचा, आणि आत बोटं हलवायला मोकळी जागा. ऊब ती जागा देते. म्हणून बूट नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा. तुम्ही चप्पलही टाच बाहेर राहील अशी घेता, कारण "वापरून सैल होते." हे बूट होत नाहीत.

डोक्याला कानटोपी चालेल. ती तपकिरी माकडटोपी आणलीत तर मी ओळख दाखवणार नाही, पण उबेला तिला तोड नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच. पाण्याची चमक मारणाऱ्या काचांनी मासा दिसतो हे खरं, पण त्याहून महत्त्वाचं, वाऱ्यानं फिरलेली गरी डोळ्यात जात नाही. हातमोजे बोटांची टोकं उघडता येतील असे. आणि मासा लागलाच तर तेही काढायचे, हात त्या बर्फाळ पाण्यात बुडवायचे आणि मगच त्याला धरायचं. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग धरतो. माशाला सर्दी होऊ नये म्हणून आपण गारठायचं, असा इथला शिष्टाचार आहे.

आई, बायका जातात का, असं तू विचारलं होतंस. जातात. ब्रिटनमध्ये गळाला लागलेल्या सॅमनचा विक्रम एका बाईच्याच नावावर आहे. जॉर्जिना बॅलन्टाइननं 7 ऑक्टोबर 1922 रोजी टे नदीत 64 पौंडांचा, म्हणजे सुमारे 29 किलोंचा सॅमन काढला. शंभर वर्षं उलटली, तो विक्रम कोणी मोडलेला नाही. तेव्हा होडी वल्हवत होते तिचे वडील. तेव्हा अण्णा, मला होडीत बसवून वल्ही तुम्ही हातात घेणार असाल तर मी वेडर्सशिवाय यायला तयार आहे.

आता काम. माप हवंय. संध्याकाळी घ्या, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात तेच खरं माप. जाड मोजे घालून, उभं राहून, दोन्ही पाय वर्तमानपत्रावर ठेवा आणि आईकडून पेन्सिलीनं आखून घ्या. दोन्ही, कारण तुमचा उजवा मोठा आहे. फोटो काढून पाठवू नका, फोटोत मोठं-लहान कळत नाही. कागदच कुरियरनं पाठवा. सोबत उंची, छाती आणि पोटाचा घेर. पोटाच्या आकड्यापुढे आईची सही लागेल.

मुलांचा नमस्कार. जावयांचा साष्टांग.

तुमची,
बेबी

ता. क. लेंगे जरूर आणा. घरात घालायला.