भरवशाचा फोन

आपण म्हातारे झालो हे फोनला स्वतःला कळत नाही. ते त्याला ॲपवाले कळवतात. माझ्या रेडमी नोट ४ ची काच शाबूत, बोटाचा ठसा पहिल्या फटक्यात ओळखणार, बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरणार. पण जानेवारी २०१७ मध्ये भारतात आलेल्या या फोनची अधिकृत वाटचाल अँड्रॉइड ७ पाशी थांबलेली. एकेक ॲप तोंड फिरवू लागलं आणि घरात एक्स्चेंज ऑफरची कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, लिनिएज टाकू या की."

लिनिएज ओएस म्हणजे जगभरच्या हौशी मंडळींनी जोपासलेलं फुकटचं अँड्रॉइड. आधीचं सायनोजेनमॉड २०१६ च्या डिसेंबरात गुंडाळलं गेलं, तेव्हा त्यातल्याच लोकांनी नवी पाटी लावून काम पुढे चालू ठेवलं. या मंडळींत फोनचं बाजारातलं नाव चालत नाही. तिथे माझा फोन 'मिडो', 'मी ए१' नावाचा फोन 'टिसॉ' आणि सहा हजारांचा रेडमी ४ए चक्क 'रोलेक्स'! एरवी स्विस घड्याळं आमच्या वाट्याला कुठून यायला?

आधी बूटलोडर अनलॉक करायचा, म्हणजे फोनचं कारखान्याचं कुलूप उघडायचं. त्यासाठी कंपनीकडे अर्ज करून थांबायचं, बहुधा १६८ तास. म्हणजे अगदी भागवत सप्ताहच. अनलॉक केला की फोनमधलं सगळं पुसलं जातं, म्हणून फोटो आधीच उतरवून घेतले; 'शुभ सकाळ'वाली फुलं तेवढी वगळली. मग आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर एकदम दाबलं, तर पडद्यावर कानटोपी घातलेला ससा, अँड्रॉइडच्या रोबोटची दुरुस्ती करत बसलेला. मला एकदम धीर आला. पुढे केबल, लॅपटॉप, आधी रिकव्हरी, मग रॉम म्हणजे खुद्द लिनिएज, मग गूगलची ॲप्स. पहिल्यांदा सुरू व्हायला फोन इतका वेळ घेतो, की घरातलं एकेक माणूस येऊन हळू आवाजात "गेला का?" विचारून जातं.

गेला नाही, उलट पळायला लागला. सुरक्षेचे ताजे पॅचही मिळाले. मग बँकेचं ॲप उघडलं. ते म्हणालं, हा फोन सुरक्षित नाही! कित्येक वर्षांत एक पॅच न मिळालेला फोन त्याला परवापर्यंत बिनबोभाट चालत होता, कारण त्यावर कारखान्याचं कुलूप होतं. प्ले इंटिग्रिटी नावाची गूगलची जी चाचणी असते, ती मुख्यतः ही मूळची मोहोर शाबूत आहे का ते बघते. मालकाने स्वतः कुलूप उघडलं, की मालकच संशयित. भाच्याकडे यावरही तोडगे होते; पण पैशांच्या व्यवहारात लपाछपी नको, म्हणून मी त्याला आवरलं.

त्यामुळे यूपीआय आता बायकोच्या फोनवर. भाजीवाल्यापुढे पिशवी धरून मी उभा, पैसे देणार ती. भाजी कोणती घ्यायची हे आधीही तीच ठरवत होती, तेव्हा फार काही बिघडलेलं नाही. बँकेचा मात्र माझ्या फोनवर अजून काडीचा भरवसा नाही. वैयक्तिक कर्ज मंजूर झाल्याचे तिचे मेसेज तेवढे रोज न चुकता याच फोनवर येतात.