तहकूब सभेला कोरम लागत नाही

गेल्या वर्षी ऑगस्टात वडिलोपार्जित घराचा आठ नंबरचा उतारा काढायला गावी गेलो. काम अर्ध्या तासाचं होतं, म्हणून चार दिवसांची रजा टाकली होती.

आधी तलाठी आप्पांकडे गेलो. ते म्हणाले, घर गावठाणात आहे, माझ्याकडं सातबारा, आठ नंबर ग्रामपंचायतीत. ग्रामपंचायतीत गेलो, तर शिपाई म्हणाला, "भाऊसाहेब मीटिंगला गेल्यात." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतो आहे. माणसं बदलली, इमारत कौलांची स्लॅबची झाली, दारावर 'आपले सरकार सेवा केंद्र' अशी पाटी लागली, वाक्य तेवढं तसंच राहिलं. भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकांना, अशा दोन ग्रामपंचायती. त्यामुळं त्या गावच्यांना वाटतं भाऊसाहेब या गावी आहेत, या गावच्यांना वाटतं ते त्या गावी आहेत, आणि भाऊसाहेब तालुक्याला असतात.

मधल्या काळात सरकारनं मोठी सुधारणा केली. २०२४ साली ग्रामसेवकाचं 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं आणि तलाठ्याचं 'ग्राम महसूल अधिकारी'. एका दमात गावाला दोन अधिकारी मिळाले. गाव मात्र अजून भाऊसाहेब आणि आप्पाच म्हणतं, कारण 'ग्राम महसूल अधिकारी आहेत का' असं विचारेपर्यंत ते मोटरसायकलला किक मारून गेलेले असतात.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं समजावून सांगतो. गावात सरकारची तीन माणसं. ग्रामसेवक गटविकास अधिकाऱ्यांचा, तलाठी तहसीलदारांचा, पोलीस पाटील प्रांतांचा. सरपंच तेवढा गावाचा. त्यामुळं या तिघांपैकी कुणी चुकलं तर सरपंच रागावत नाही, 'वर कळवतो'. वरून उत्तर येतं, की आपल्या स्तरावर कार्यवाही करावी. आपला स्तर म्हणजे कुठला, हे सांगणारं परिपत्रक अजून निघायचं आहे.

तसा आमच्या गावाला कायद्याचा तोटा नाही. घटनेच्या ४० व्या कलमात १९५० पासून ग्रामपंचायती आहेत, पण त्या मार्गदर्शक तत्त्वांत. म्हणजे बारशाला दिलेल्या आशीर्वादासारख्या. फळला तर बरं, नाही तर कोर्टात जाता येत नाही. तेव्हाच्या मुंबई राज्यानं १९५८ साली ग्रामपंचायतींचा कायदा केला, महाराष्ट्रानं १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा उभ्या केल्या. मग ७३ वी घटनादुरुस्ती आली आणि २४ एप्रिल १९९३ पासून गाव रीतसर घटनेत जाऊन बसलं. अकराव्या अनुसूचीत २९ विषय लिहिले आहेत. शेती, पाझर तलाव, कोंबड्या, मासे, शाळा, वाचनालय, जत्रा, रेशन, सगळं. वाचताना ऊर भरून येतो. फक्त २४३ छ कलमात एक बारीक शब्द आहे, की हे अधिकार राज्याचं विधिमंडळ गावाला देऊ *शकेल*. त्या 'शकेल'वर तीस वर्षं राज्यं चाललीत. आमच्या आजोबांनी एका भावकीतल्या माणसाला बैल असाच दिला होता. "कधीही लागला तर नेऊ शकतोस," म्हणाले आणि दाव्याची गाठ स्वतःच्या हातानं आणखी एकदा आवळली.

तर, उतारा मिळेना. शिपाई म्हणाला, "परवा पंधरा ऑगस्टाची ग्रामसभा हाय, तवा भाऊसाहेब सापडत्यात." मी थांबलो.

ग्रामसभा म्हणजे गावची विधानसभा असं आम्हाला नागरिकशास्त्रात होतं. पाच मार्कांना यायचं. गावच्या यादीतला प्रत्येक मतदार तिचा सदस्य. निवडून यावं लागत नाही, पडता येत नाही, पक्ष सोडून जाता येत नाही. अशी विधानसभा कुणाच्या कामाची असणार?

झेंडावंदन झालं, मुलांना गोळ्या वाटल्या, आणि समाजमंदिरात सतरंजी पसरली. महिलांची सभा आधी घ्यावी लागते, ती आदल्या दिवशी झाली होती. म्हणजे अंगणवाडीत पोरं न्यायला आलेल्या बायकांच्या सह्या घेतल्या होत्या. आजच्या सभेला बचत गटाच्या बायकांना पुढं बसवलं. त्यांच्यामागं पुरुष असे काही पसरून बसवले, की मांडव भरल्यासारखा दिसावा. सेवा केंद्र चालवणाऱ्या पोरानं मोबाइलवर फोटो काढला. तो लोकेशनसकट वर जातो. फोटो अपलोड झाल्याचा आवाज आला आणि बायका उठून निघाल्या. त्यांचं काम झालं होतं.

मग विरोधी पॅनेलच्या एका तरुणानं हरकत घेतली, की माणसं मोजा. कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तो. आमच्या गावात सोळाशे मतदार, म्हणजे १०० माणूस हवं. मोजलं. सतरंजीवर एकतीस निघाले, त्यात दोन दुसऱ्या गावचे पाहुणे. दाराबाहेर चपला घालून उभे राहिलेले धरावे की नाही यावर पाऊण तास चर्चा झाली. गावाच्या विकासावर त्या दिवशी झालेली एवढीच चर्चा. शेवटी भाऊसाहेबांनी प्रोसिडिंग उघडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : कोरमअभावी सभा तहकूब.

मला वाटलं, भाऊसाहेब नाराज असतील. ते तर टवटवीत दिसत होते. म्हणाले, "साहेब, तुम्ही पुण्याचे, तुम्हाला ठाऊक नसंल. तहकूब सभेला कोरम लागत न्हाई."

या एका नियमासाठी कायदा करणाऱ्याचे हात हातात घेऊन डोळ्यांना लावावेत. सभेला शंभर माणूस आलं तर ते प्रश्न विचारणार. ते आलं नाही तर सभा तहकूब, आणि पुढच्या सभेला पाच टाळकी असली तरी ठराव कायदेशीर. गावानं न येणं हेच गावाच्या कारभाराचं वंगण आहे.

सभा तहकूब झाली तरी माणसं लगेच उठली नाहीत, चहा यायचा होता. म्हणून विषयपत्रिका पाहिली. चौदा विषय. पहिला मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. मग अमुक अभियानाची शपथ घेणे, तमुक पंधरवड्याची माहिती देणे, अलाण्या ॲपबद्दल जागृती करणे. चौदापैकी अकरा विषय वरून आलेले. एक समित्यांचा. आमच्या सोळाशे मतदारांच्या गावात आरोग्य, पाणी व स्वच्छतेची समिती आहे, शाळेची आहे, तंटामुक्तीची आहे, बालसंरक्षणाची आहे, आपत्तीची आहे, आणि जैवविविधतेचीही आहे. सगळ्यांत मिळून माणसं तीच नऊ. तंटामुक्तीच्या अध्यक्षपदावरून २०१९ साली डोकी फुटली होती, ती केस अजून चालू आहे. वेशीवरच्या 'तंटामुक्त गाव' पाटीखालीच ती फुटली, असं पंचनाम्यात आहे.

चौदावा विषय : मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. तो खास गावासाठी राखून ठेवलेला.

अध्यक्षस्थानी सरपंचबाई होत्या. महाराष्ट्रानं २०११ पासून निम्म्या जागा बायकांना दिल्या, त्यामुळं आमच्या गावात आता दोन सरपंच आहेत. एक बाई, आणि दुसरे त्यांचे यजमान, ज्यांना सगळं गाव 'सरपंच' म्हणतं. २०१५ साली पंतप्रधानांनी हा सरपंचपतीचा प्रकार बंद करा असं दिल्लीत सांगितलं होतं. आमच्या सरपंचांनी ते भाषण ऐकलं, त्यांना ते पटलंही, आणि त्यांनी ते बाईंना समजावून सांगितलं.

हल्ली पैसा चेकनं निघत नाही. सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते, ती एका डोंगलमध्ये असते. बाईंचं डोंगल यजमानांच्या छातीच्या खिशात असतं, चुन्याच्या डबीशेजारी. डबी काढताना ते एकदा चहाच्या कपात पडलं होतं, तेव्हा तीन दिवस गावाचा कारभार ठप्प होता. मी बाईंना म्हटलं, वहिनी, सगळीकडं तुमचीच सही. त्या पदर सावरत म्हणाल्या, "हां भावजी, माजीच म्हन्त्यात. मी काय अजून बगितली न्हाई."

वहिनी जनतेतून निवडून आल्यात. हे दर वेळी सांगावं लागतं, कारण २०१७ साली ठरलं की सरपंच जनतेतून, २०२० साली ठरलं की सदस्यांतून, आणि २०२२ साली ठरलं की पुन्हा जनतेतून. तिन्ही वेळा ठरवलं मुंबईनं. ग्रामसभेला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी कोरम झाला नसता. आणि या खुर्चीची किंमत किती? जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याची आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीची निवडणूक रद्द केली, कारण तिथं पदांचा लिलाव झाला होता. उमराण्याची बोली मंदिराच्या नावानं दोन कोटींच्या वर गेल्याच्या बातम्या होत्या. त्या वेळी मोठ्यात मोठ्या गावच्या सरपंचाचं मानधन महिना ५ हजार, पाच वर्षांचे ३ लाख. वरचे कोटी निव्वळ सेवेच्या ओढीचे म्हणायचे. शिवाय देवाचं काम.

पंचायतीची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, असं घटना बजावून सांगते. ते निवडून आलेल्यांसाठी. प्रशासकाला मुदत असते असं घटनेत कुठं लिहिलेलं नाही, म्हणून राज्यातल्या कित्येक जिल्हा परिषदांत २०२२ पासून वर्षानुवर्षं प्रशासकच नांदले. त्यांच्या काळात एकही सभा गोंधळात तहकूब झाली नाही. अध्यक्ष तेच, सूचक तेच, अनुमोदक तेच.

हे सगळं उलटं करून दाखवणारं एक गाव आहे म्हणतात, गडचिरोलीतलं मेंढा (लेखा). 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. ते हात वर करून मोजत नाहीत, सगळ्यांना पटेपर्यंत बसून राहतात. २००९ साली अठराशे हेक्टरच्या आसपास जंगलावरचा सामूहिक हक्क त्यांना मिळाला. जंगल मिळालं, पण त्यातला बांबू बाहेर न्यायचं परवान्यांचं पुस्तक काही मिळेना. २०११ साली केंद्रातले मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री दोघं गावात येऊन बसले, तेव्हा ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. देशात अडीच लाख ग्रामपंचायती आहेत. मंत्री जरा वाढवायला हवेत.

चहा आला. आणि तेवढ्यात आमची एक चुलती, सत्तरीतली, कोपऱ्यातून म्हणाली, "मसणवाटंच्या रस्त्याला चार डंपर खडी टाका बाबांनो. धाकल्या जावंला न्हेली तवा चिखलात खांदेकरी पडलं. मढं उतरून परत बांदाया लागलं."

सगळे गप्प झाले. खरं होतं. भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला आणि फार प्रेमानं समजावलं, की मावशी, वित्त आयोगाचा निधी दोन जातीचा असतो. साठ टक्के बंधित, तो फक्त पाणी आणि स्वच्छतेला. चाळीस टक्के अबंधित, त्यात रस्ता बसतो; पण अबंधित या वर्षी कमानीत गेला. (कमान छान झाली आहे. तिच्यावर 'प्रवेशद्वार' असं लिहिलंय, म्हणजे ग्रामस्थ चुकू नयेत.) बंधितचे पैसे पडून आहेत, पण खडी त्यात बसत नाही.

चुलतीनं विचारलं, "मग मेलेलं मानूस बंधित का अबंधित?"

यावर भाऊसाहेबांकडं परिपत्रक नव्हतं. पण दाराबाहेर चपला घालून उभ्या असलेल्यांपैकी एक जण, ठेकेदारीतला, म्हणाला, "भाऊसाहेब, रस्त्याकडंनं गटार धरा की. सांडपाणी व्यवस्थापन. बंधितमदी बसतंय."

"तिकडं घरं कुठायत गटार काढायला?"

"घरं हुतील."

पुढच्या आठवड्यात तहकूब सभा झाली. मी पुण्याला परतलो होतो, पण पुतण्यानं प्रोसिडिंगचा फोटो पाठवला. हजर सात. ठराव : स्मशानभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत बंदिस्त गटार बांधणे. सर्वानुमते मंजूर. सूचक म्हणून आमच्या चुलतीचं नाव, जी त्या दिवशी लेकीकडं होती. ऐनवेळचे विषय : निरंक.

यंदा जूनमध्ये गेलो तेव्हा गटार पाहिलं. काम चोख आहे, खोटं कशाला बोला. दीडशे मीटर सरळ रेषेत, सिमेंटचं, वर फरशा. त्यात पाणी येत नाही, कारण तिकडं घर नाही. शेजारी रस्ता होता तसाच, गुडघाभर चिखलाचा. चुलती दारात लसूण सोलत बसली होती. विचारलं, रस्त्याचं काय झालं?

"आता बरं हाय की," ती म्हणाली. "गटाराच्या फरशीवरनं न्हेतो. दोघं म्होरं, दोघं मागं. फकस्त रांगंत चालायचं."